हिरामणच्या मापाचा खड्डा

पाठ कुठे ठेवावी हेच कौतिकाला कळत नाही. उताणी झोपली की कमरेत कळ निघते, कुशीवर वळली की डावा पाय बधिर होतो. शेवटी गुडघ्यांखाली उशी घेऊन ती तशीच पडून राहते. नवतपा सुरू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. गावात या वेळी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसताच गरम वारा ढकलतोय, पण उठून बादली आणायचं जिवावर येतं. मागाच्या खोलीतली जमीन तेवढी गार असते, म्हणून ती इथे चटई टाकून पडली आहे. डोक्याशी माग. त्यावरच्या अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर तिने चादर झाकली आहे. डोळे मिटले तरी तो माग तिला दिसतोच.

माग हिरामणचा. हिरामण बारापात्रे, तिचा नवरा. भंडाऱ्याकडच्या या गावात कोष्ट्यांच्या घरोघरी असे माग होते, आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर बसायची फळी, आणि विणणाऱ्याचे पाय खड्ड्यात, खालच्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. लग्नाच्या वर्षी हिरामणने हा खड्डा स्वतः खणला, आपल्याच मापाने. माणूस ताडासारखा उंच. फळीवर बसून पाय सोडले की पावडी बरोबर त्याच्या तळव्याखाली यायची. कौतिका त्याच्या खांद्यालाही लागायची नाही. ती चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायची, तो विणायचा. तिचे पाय पावडीला पोचतात की नाही हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

मग हिरामणची कंबर गेली. मागावर बसणाऱ्याची कंबर जातेच, असं गावात सगळे म्हणतात. म्हातारपणी केस पिकतात ना, तसं. तो मेडिकलमधून गोळ्या आणायचा. सकाळी एक, जेवणानंतर एक, आणि ऑर्डर असली की मधेही एक. गोळ्यांनी कंबर गप्प बसवली आणि किडन्या खाल्ल्या. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा पायावरची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. दिवाळीच्या तोंडावर तो गेला.

तेरवी झाली आणि कौतिका मागावर बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. खोलीतला आवाज बंद झाला तर घरात आपण कशाच्या आधाराने राहायचं, म्हणून बसली. पाय पावडीला पोचेनात. मग ती फळीच्या अगदी टोकाला सरकायची, एक कुल्ला खाली सोडायची, कंबर वाकडी करायची. खड्ड्याच्या तळाशी हिरामणच्या टाचांनी दोन खळगे पडले होते, वाटीएवढे, गुळगुळीत. पाय पुरता ताणला की तिची बोटं त्या खळग्यांना लागायची. तेवढ्यासाठी ती दिवसभर ताणलेली राहायची.

प्रणालीला, तिच्या लेकीला, तुमसरला दिलंय. ती उन्हाळ्याची माहेरी आली आणि आई मागावरून भिंत धरून उठते हे तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी अंथरूण झटकताना उशीखाली गोळ्यांची पट्टी सापडली. बाप खायचा त्याच गोळ्या. प्रणाली ओरडली नाही, पट्टी हातात घेऊन नुसती खाली बसली.

मग तिने श्रुतिका मॅडमना आणलं. विणकरांच्या पाठीच्या दुखण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेतल्या त्या बाई. मागाशेजारी फतकल मारून त्या दुपारभर बसल्या, कौतिकाचं विणणं पाहत, मधेच तिच्या मानेला हात लावून बघत. जाताना म्हणाल्या, "कौतिकाबाई, खड्ड्याचा तळ मुरूम भरून वर उचलायला हवा, फळी थोडी खाली आणि जराशी पुढे उतरती. त्यावर कापसाची गादी. एवढं केलं तर ही कंबर अजून खूप वर्षं साथ देईल."

दाराशी मुरूम येऊन पडला. आणि आज सकाळी भांडण झालं.

"आई, संध्याकाळी गवंडी येते. खड्डा भरून घेऊ."

"नाई म्हंटलं ना तुले."

"बाबाचं काय झालं ते पायलं ना तू? मंग?"

"मी जित्ती हाये तोवर त्या खड्ड्यात माती पडनार नाई," कौतिका म्हणाली, आणि जेवण न करता इथे येऊन पडली.

आता पंख्याचा आवाज लांब जातोय. जमीन पाठीखालून हळूहळू खाली चालली आहे, बैलगाडी उतारावर सुटावी तशी.

आधी आवाज येतो. खटक्, खट. खटक्, खट.

चादर बाजूला झालेली. फळीवर हिरामण बसलाय, पाठमोरा. अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा. त्याची पाठ ताठ आहे. लग्नात बोहल्यावर होती तशी. कौतिका त्या पाठीकडेच बघत राहते.

तो मेलाय हे तिला ठाऊक आहे. झोपेतही ठाऊक आहे. पण बोलून दाखवलं तर तो उठून जाईल, म्हणून ती ते तोंडातच धरून ठेवते, गरम घासासारखं.

"कांड्या भरल्या का वो?" तो मागे न बघता विचारतो.

"भरून रायली."

"भर. घाई नाई."

तिच्यासमोर चरखा नाही. तरी ती हात फिरवत राहते आणि कांडी भरत जाते.

"लय दुखते का?" तो विचारतो.

"कोनाले?"

"तुले. मले आता कायले दुखते?"

तो वळतो. शेवटच्या दिवसांत चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता. आता गालांची हाडं परत वर आली आहेत. मिशी कातरलेली. कौतिकाला वाटतं, उठावं, त्याच्या गालाला हात लावावा. पण हातात कांडी आहे आणि धागा तुटेल.

"इकडे ये. गार हाये," तो म्हणतो.

ती उठते. कंबर दुखत नाही याचं तिला नवल वाटतं. फळीवर ती त्याच्या शेजारी बसते, आणि समोर खड्डा नाही, गावाबाहेरचा तलाव आहे. फळी त्याच्या काठाच्या पाळीवर ठेवलेली. पाणी मागाच्या खालून, कापड गुंडाळायच्या तुळईखालून लांबवर पसरलंय, आणि ताण्याचे उभे धागे पाण्यावरून पार पलीकडच्या काठापर्यंत गेलेत. एक बगळा त्या धाग्यांवर उभा आहे. हिरामणचे पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात.

"पाह्य ना, उतरली सूज," तो पाय वर काढून दाखवतो. लहान मुलाने नवी चप्पल दाखवावी तसा.

"उतरली," ती म्हणते. "कवा उतरली?"

"उतरली गपचूप."

ती आपले पाय सोडते. पाण्यापर्यंत पोचत नाहीत. अंगठ्याखाली नुसता वारा लागतो.

"माहे पोचत नाई."

"तुहे पाय लहानच हायेत," तो हसतो. "जोडवी ढिली होत होती तुले. म्या सूत गुंडाळून देल्लं होतं, आठवते?"

तिला आठवतं. लाल सूत. त्याने दाताने तोडलं होतं, आणि सासू आत आल्यावर दोघंही उगाच दुसरीकडे बघू लागली होती.

तो तिच्या पायांकडे बघतो. बघतच राहतो.

"जोडवी कोठी गेली?"

बगळा उडतो. धागे थरथरतात.

"धुवाले काढली," कौतिका म्हणते.

"हो का."

 तलावाचं पाणी आता पाणी नाही, पुसलेली फरशी आहे, आणि फिनाईलचा वास येतोय. दवाखान्याची गल्ली. फळी तीच, पण भिंतीला लावलेली, आणि आणखी बाया त्यावर डबे घेऊन बसलेल्या. सलाईनच्या स्टँडवर सुताच्या लडी टांगल्या आहेत. एक नर्स गाडी ढकलत येते, गाडीची चाकं मागासारखी वाजतात, खटक्, खट. ती कौतिकाला विचारते, "पेशंटसोबत कोण आहे?"

"मी," कौतिका म्हणते.

"मी," हिरामणही म्हणतो.

नर्स दोघांकडे बघते आणि पुढे जाते.

मग हिरामण फळीवरून उतरतो. तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसतो, जसा मागाची पावडी बांधायला बसायचा, आणि तिचा डावा पाय हातात घेतो.

"अवो, पाय नोका धरू! लोक पाहून रायले. पाप लागते मले."

"पाप कायचं? माप घेतो."

त्याचे हात ओले आहेत. चिकट. खळीने भरलेले. ताण्याला लावायच्या आधी भाताची खळ शिजवून तो हाताने कालवायचा, तीच. गल्लीतला फिनाईलचा वास जातो आणि आंबूस पेजेचा वास येतो. गुडघ्याच्या लवणीपाशी तो अंगठा टेकवतो, वीत पसरतो, दुसरी वीत टाचेकडे नेतो. पोटरीवर त्याची बोटं घट्ट रुततात. त्या हाताने तिला असं धरल्याला किती काळ झाला याचा ती विचार करू लागते, आणि मग करत नाही.

"दोन इती बी भरत नाई," तो म्हणतो. "हे पाय त्या खड्ड्यात लोंबकळत ठेवतं काय तू?"

"तुमचा खड्डा हाये तो."

"त्यात मी आहो का?"

"टाचा हायेत तुमच्या."

हिरामण तिचा पाय सोडत नाही. मान खाली घालून त्या पायाशीच बोलतो.

"कौतिके, त्या टाचा किती दुखाच्या, ते तुले म्या कधी सांगतलं नाई. तेथीच टेकून टेकून माही कंबर मोडली. जेनं मले खाल्लं, त्याचा तू देव मांडला काय वो?"

"मंग मी काय करू?" तिचा आवाज चढतो. डबे घेऊन बसलेल्या बाया वळून बघतात. "तुमचे कपडे देऊन टाकले. चष्मा प्रणालीनं नेला. खाटेले दुसऱ्या दिवशीच पोरांनी बाहेर काढलं. एवढंच रायलं होतं मले. पायाचं बोट लागते तं वाटते तुमी खाली बसले हाये."

तो वर बघतो. त्याच्या डोळ्यांत पाणी नाही. मेलेल्या माणसाला रडता येत नसावं. त्याला रडायचंय हे मात्र तिला दिसतं.

"जोडवी मी गेलो म्हून काढली ना?"

तिने तोंडात धरलेला घास आता गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

"हाव," ती म्हणते.

तो उठून जात नाही. एवढंच होतं तर, असं तिला वाटतं. एवढ्यासाठी आपण इतका वेळ घाबरलो.

गल्ली संपते तिथे नदी आहे. वैनगंगेची वाळू, उन्हाने पांढरी पडलेली. काठावर माणसं उभी आहेत, डोक्याला दुपट्टे बांधून, सगळी पाठमोरी. ती एकटीच बाई. तिला आठवतं, त्या दिवशी ती दारापर्यंतच आली होती. उंबऱ्यावर तिला कोणीतरी धरून ठेवलं होतं, आणि वळणावर फक्त पुढच्याच्या हातातल्या मडक्याचा धूर दिसला होता.

वाळूत मागाचा खड्डा आहे. फळीवर हिरामण बसलाय, पाय खाली सोडून, टाचा त्या दोन खळग्यांत. शेजारी मुरुमाचा ढीग.

"मातीले सारा गाव आला होता," तो म्हणतो. "तूच नव्हती."

"येऊ देत नाई बायांले."

"मंग आता ये."

"माह्यानं होत नाई."

"एक मूठ टाक."

"तुमचे पाय बुजतीन."

"बुजू दे. माहे बुजल्याबिगर तुहे कोठी टेकतीन?"

ती खाली बसते. मुरूम गार आहे, थोडा ओला. मूठ भरते आणि खड्ड्यावर धरून ठेवते, बोटं उघडत नाहीत. तेव्हा हिरामण खालून आपल्या पायाची बोटं हलवतो. प्रणाली तान्ही असताना तिला हसवायला हलवायचा तशी, एकेक करून. कौतिकाला हसू फुटतं, आणि हसताना मूठ उघडते.

मुरूम त्याच्या अंगठ्यावर पडतो. मग घोट्यावर. ती दुसरी मूठ टाकते, मग ओंजळीओंजळीने टाकत जाते, थांबली तर पुन्हा जमणार नाही म्हणून.

"दुखते का?" ती विचारते.

"नाई वो."

"परत येसान ना?"

तो काहीतरी म्हणतो. ओठ हलतात. पण नदीवरून वारा येतो, खटक्, खट, आणि शब्द कळत नाहीत. "काय म्हंटलं?" ती विचारते, "काय म्हंटलं, जोरानं सांगा ना!" आणि बघते तो फळी रिकामी आहे. नाही, रिकामी नाही. फळीवर ती स्वतः बसली आहे. खाली तिचे दोन्ही तळवे मातीवर सपाट टेकलेत. काठावरची माणसं एकेक करून घराकडे निघाली आहेत.

"थांबा," ती म्हणते. "थांबा ना जराक."

आणि जागी होते.

पंखा फिरतोय. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर चढलंय. मागावर चादर जशीच्या तशी. कौतिका पडूनच राहते आणि त्याने शेवटी काय म्हटलं ते आठवायचा प्रयत्न करते. ओठ आठवतात. आवाज आठवत नाही.

डाव्या पोटरीची कातडी ओढल्यासारखी होते. ती उठून बसते, लुगडं वर करते. गुडघ्याच्या लवणीखाली पांढरट, कडक पापुद्रा वाळला आहे. एका बाजूला चार बोटं उमटलेली, दुसऱ्या बाजूला अंगठा. खाली टाचेपाशी पुन्हा तसंच. ती वाकून वास घेते. आंबूस. पेजेचा.

प्रणाली चहा घेऊन येते. सकाळपासून दोघींचं बोलणं नाही, म्हणून कप जमिनीवर ठेवून ती परत वळते, आणि मग थांबते.

"आई, पायाले काय लागलं?"

"खळ."

"खळ?" प्रणाली खाली बसते, बोट लावून बघते. "घरात खळ कोठी हाये? बाबा गेले तवापासून ताणी खळ लावून तयारच येते ना आपली."

 लेक त्या बोटांच्या ठशांकडे बघते. आपला पंजा त्यावर धरून बघते. तिचा हात ठशाच्या मानाने लहान पडतो. आईचा हात तर त्याहून लहान. प्रणाली आईच्या तोंडाकडे बघते.

"गवंड्याले हो म्हण," कौतिका सांगते. "पन पयली मूठ मी टाकीन."

संध्याकाळी गवंडी येतो. पहिली मूठ ती टाकते. नंतर तो घमेल्यांनी मुरूम ओततो, पाणी शिंपडून धुम्मस मारतो, आणि ते दोन खळगे दिसेनासे होतात. त्या वेळी कौतिका खोलीत थांबू शकत नाही. बाहेर ओट्यावर जाऊन ती रडते, मोठ्याने, गळा काढून. तेरवीपर्यंत लोकांदेखत जे रडली ते रडणं वेगळं होतं. शेजारच्या बाया धावत येतात, "कोन गेलं?" विचारतात.

पावड्यांच्या दोऱ्या आखूड बांधून होतात. फळी खाली येते, प्रणाली वर जुन्या गोधडीची घडी ठेवते. "बस, आई."

कौतिका बसते. पाय सोडते. तळवे पुरते टेकतात, पावडी आपसूक पायाखाली येते, पाठ सरळ राहते. ती उभ्या धाग्यांतून धोटा टाकते. पुन्हा टाकते. कमरेत कळ येईल म्हणून अंग आवळून वाट बघते. येत नाही. आणि ती आली नाही याचंच तिला भडभडून येतं. दिवाळीपासून जी सोबत होती, ती गेली.

"दुखते का?" प्रणाली घाबरून विचारते.

"नाई," कौतिका म्हणते. "नाई दुखत."

अंगावर मुरुमाची धूळ बसली आहे म्हणून दिवेलागणीला प्रणाली तिला गरम पाणी काढून देते. कौतिका न्हाणीत पाटावर बसते. तांब्याने डोक्यावर पाणी घेते, खांद्यांवर, पाठीवर घेते. डावा पाय मात्र लांब करून समोरच्या दगडावर ठेवते, पाण्याबाहेर. एक थेंब उडून पोटरीवरच्या खळीच्या बोटांकडे निघतो, तो ती घाईने कोरड्या पंचाने टिपून घेते.